चौसाळ्याला गेलतो

माघी पौर्णिमेच्या भर दुपारी भागवतच्या उसाला आग लागली. तोडणीला आलेला फड होता, कारखान्याची टोळी आज-उद्या येणार होती. वारा मोकाट सुटलेला. वस्तीवरची माणसं घागरी घेऊन धावली, पण पेटलेल्या उसाजवळ उभंसुद्धा राहवत नव्हतं. बघता बघता हिरवं होतं ते काळं झालं.

दिवेलागणीला शहादेव तलवाड्याच्या फाट्यावर एसटीतून उतरला आणि पायवाटेनं वस्तीवर आला, तेव्हा हवेत करपल्या गुळासारखा वास भरून राहिला होता.

"कुणाचा गेला?" त्यानं बायकोला, पारूबाईला विचारलं.

"भागवतचा. समदा गेला. तुमी डोळं दाखवलं का?"

"दाखवलं," शहादेव म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

भागवतचं आणि त्याचं रान बांधाला बांध लागून. शेतात जायच्या वाटेवरून दोघांचं वाजलेलं. भागवतनं जुनी गाडीवाट नांगरून टाकली, शहादेवनं तहसिलीत अर्ज केला आणि निकाल शहादेवच्या बाजूनं लागला. तेव्हापासून बोलणं बंद. तरी त्या रात्री जेवताना शहादेवच्या तोंडून निघून गेलं, "वैऱ्याचं बी असं व्हवू नये."

तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार दारात आला. अंगणात शहादेव, उंबऱ्यात पारूबाई.

"पौर्णिमेच्या दुपारी कुठं होतास?"

 बायकोकडं न बघता शहादेव म्हणाला, "डोळं दाखवायला गेलतो. गेवराईला."

"व्हय, सकाळीच गेलते," पारूबाईनं दुजोरा दिला.

"चल ठाण्यात. भागवतनं फिर्याद दिलीय. ऊस तू पेटवलास म्हणून. बघणारा माणूस हाय."

बघणारा माणूस म्हणजे म्हाळू मेंढपाळ. कॅनॉलच्या कडेनं मेंढरं चारताना त्यानं शहादेवला फडात शिरताना पाहिलं, असं त्याच्या जबाबात लिहिलं होतं. खाली त्याचा अंगठा होता. शहादेवचा मुलगा पप्पू धावतपळत कागद घेऊन आला, जामीन झाला. बापलेक मोटारसायकलवरून परत निघाले, तेव्हा पारावरची माणसं बोलता बोलता थांबली. रोज "जयभीम, शहादेवदादा" म्हणणारा एक जण खाली मान घालून तंबाखू मळत राहिला. ठाण्यातल्या बाकड्यापेक्षा शहादेवला ते जास्त लागलं.

कारण त्याची ओळख निराळी होती. पन्नाशीच्या पुढचा कुणीही माणूस गाठा, गेवराईपासून माजलगावपर्यंत 'ढोलकीवाला शहादेव' म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. भीमजयंतीचं गायन म्हणजे यांची पार्टी, असा एक काळ होता. चौसाळ्याच्या अनिलची पेटी, माजलगावकडच्या चंद्रभागाबाईचा गळा आणि शहादेवची ढोलकी. बाकी कोरसला येतील ते.

अनिलचं सायकलचं दुकान होतं. एप्रिल लागला की दुकानाला कुलूप. मग जे निघायचे ते थेट बुद्धपौर्णिमा उलटून गेल्यावर घरी. एसटीच्या टपावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणाच्या बैलगाडीत. अनिल पेटी कधी टपावर ठेवू द्यायचा नाही. मांडीवर घेऊन बसायचा, लेकरू घेतल्यासारखी. एक कंडक्टर होता, तो दर वेळी म्हणायचा, "लेकराचं अर्धं तिकीट काढा बरं का!" आणि दर वेळी अख्खी गाडी हसायची.

एकदा माजलगावच्या अलीकडच्या एका गावात ऐन रंगात वीज गेली. माईक बंद. लोक उठायला लागले. चंद्रभागाबाई स्टेजच्या कडेपर्यंत पुढं आली, पदर खोचला आणि नुसत्या गळ्यावर गाणं उचललं. कॅनॉलच्या कामावर पाट्या वाहिलेली बाई, पण आवाज असा की पार मागं, गुरांच्या गोठ्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाही शब्दन् शब्द कळावा. अनिलनं भाता दाबून सूर धरला. शहादेवनं ढोलकी अगदी हलक्या बोटांनी वाजवली, तिच्या आवाजाला धक्का लागू नये म्हणून. वीज आली तेव्हा माणसांनीच ओरडून सांगितलं, माईक लावू नका. पुढं कितीतरी वर्षं त्या गावचे लोक भेटले की हेच काढायचे.

मग डीजे आला. चंद्रभागाबाई थकली आणि गेली. अनिलनं काळाबरोबर जायचं ठरवलं, कॅसिओ आणला, तालाचं यंत्र आणलं. आणि एका जयंतीला, भर स्टेजवर, माईक चालू असताना हसत हसत म्हणाला, "ढोलकी आता राहू द्या शहादेवराव, मशीन हाय." लोक हसले. शहादेव उठला, ढोलकी गवसणीत घातली आणि चालू कार्यक्रमातून खाली उतरला. परत काही अनिलचं तोंड पाहिलं नाही. निरोप आले, लग्नाच्या पत्रिका आल्या. हा गेला नाही. ढोलकी माळ्यावर चढली ती चढलीच.

तर असा हा माणूस, आणि आता आरोपी.

पप्पूनं तालुक्याला आम्रपाली नावाची वकीलबाई गाठली. वय तिशीचं, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी तिनं तीन गोष्टी बजावल्या. भागवतच्या वाटेला जायचं नाही. म्हाळू कुठं दिसला तर रस्ता बदलायचा, चकार शब्द बोलायचा नाही. आणि गावात केसबद्दल कुणाला काही सांगत बसायचं नाही.

"कावून पण?" शहादेव म्हणाला. "म्हाळूला मी लहानपणापासून वळखतो. त्याला निसतं इचारतो, बाबा, असं कावून सांगितलंस?"

"तुम्ही विचाराल, आणि ते म्हणतील साक्षीदाराला दम दिला. विचारायचं ते मी विचारीन, कोर्टात. तुम्ही फक्त दवाखान्याचा केसपेपर आणा. त्या दिवशी दुपारी तुम्ही गेवराईत डोळे तपासत होतात हे दिसलं की अर्धं काम झालं."

केसपेपर मिळेना. शहादेव हरवला म्हणायचा, पप्पू शोधायचा. शेवटी पप्पूनंच तोड काढली. कुठल्याशा डॉक्टरकडं त्याच्या ओळखीचा कंपाउंडर होता. तो मागची तारीख टाकून कागद करून द्यायला तयार होता. पप्पू उत्साहानं वकीलबाईला सांगायला लागला, तशी आम्रपालीनं त्याला मध्येच तोडलं आणि बाहेर बसायला सांगितलं.

"काका," दार लोटून ती म्हणाली, "जो कागद खरा आहे तो करून आणावा लागत नाही. तुम्ही त्या दिवशी डोळे दाखवायला गेलाच नव्हता, हो ना?"

शहादेव टेबलाच्या कडेकडं बघत राहिला.

"ऊस म्या पेटवला न्हाई, बाई."

"ते मी विचारलंच नाही. कुठं होता ते विचारते. कुठंही असा. दारू प्यायला गेला असाल, आणखी कुठं गेला असाल, मला सांगा. इथून बाहेर जाणार नाही."

शहादेवनं डोक्यावरची पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो म्हणाला, "चौसाळ्याला गेलतो."

आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यानं सगळं सांगितलं. अनिलला अर्धांगवायूचा झटका आल्याचं त्याला बाजारात कळलं. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. ऐकल्यापासून घास गोड लागेना. पण घरी कुठल्या तोंडानं सांगणार? पारूबाई वर्षानुवर्षं म्हणत होती, जाऊन या, भेटून या, आणि तो दर वेळी तिच्यावर खेकसला होता. म्हणून डोळ्यांचं निमित्त केलं. बीडला गाडी बदलून चौसाळ्याला उतरला. अनिलचं घर रस्त्याच्या कडेलाच, समोर चहाचं हॉटेल. चहा सांगितला. तो पिऊन झाल्यावर आत जाऊ म्हणाला. मग दुसरा सांगितला. घराचं दार उघडं होतं. पाय काही उचलेना. शेवटी बीडची जीप आली, ती धरली आणि परत फिरला.

"म्हणजे तुम्हाला तिथं कुणी पाहिलं नाही?"

"कुणी पाहू न्हाई म्हणूनच गेलतो की."

आम्रपालीनं दुसऱ्याच दिवशी त्या हॉटेलावर माणूस पाठवला. गल्ल्यावर कॅमेरा होता, पण त्यात पंधरा दिवसांचंच राहायचं, आणि महिना उलटून गेला होता. हॉटेलवाला म्हणाला, रोज शंभर माणसं येतात, कुणाकुणाला ध्यानात ठेवू. जीपवाल्याचा तर पत्ताच नाही. "पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर…" एवढंच ती बोलली आणि वाक्य तिथंच सोडलं.

घरी सांगणं भाग होतं. पारूबाईचा जबाबही पोलिसांनी घेतला होता, आणि तिनं बिचारीनं डोळ्यांचंच सांगितलं होतं. शहादेवला वाटलं, खोटं बोललो म्हणून ही आता घर डोक्यावर घेणार. पारूबाईनं ज्वारी पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

"चौसाळ्याला गेलात? अनिलभावजीच्या दारात?"

"व्हय."

"आन् तसंच माघारी आलात?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो माणूस हातरुणावर पडलाय, आन् तुमी समोर बसून चहा पिऊन आलात? वा रं माणसा!"

खोट्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या रविवारी तिनं स्वतःच शेंगदाण्याचे लाडू बांधले, चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला."

चौसाळ्याला त्या दारात पाय ठेवताना शहादेवच्या पुढं पारूबाई होती म्हणून बरं. अनिल खिडकीशी खाटेवर बसलेला. निम्मा चेहरा ओढलेला, डावा हात मांडीवर पडलेला. एके काळी कुरळ्या केसांचा कोंबडा काढणारा हा माणूस आता डोक्याला रुमाल बांधून होता. त्यानं शहादेवकडं पाहिलं.  मग उजवा हात उचलून खिडकीबाहेर बोट केलं, रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडं.

"त्या… दिशी," एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला, "कावून… आत… आला न्हाईस बे?"

शहादेवला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

अनिलची बायको कौशल्याबाई पदरानं डोळे पुसत सांगायला लागली. "भावजी, पौर्णिमेची भर दुपार होती. मी विहारातून वंदना करून आले, पांढरं पातळबी बदललं नव्हतं. खीर ढवळत होते, तर हे खाटेवरून हाका मारायला लागले. शहादेव आलाय, शहादेव आलाय. मला वाटलं, भरमलेत. खिडकीतून बघते तर तुमी खरंच बसलेले. हे म्हणाले, बोलवू नको, त्याचा तो येईल. बसले वाट बघत. खीर बी खाईनात, तो आल्यावर खाऊ म्हणाले. मग तुमी उठलात अन् जीपकडं निघालात, तशी मी खिरीचा डाव घेऊन रस्त्यावर पळाले. हाक मारली. तवर जीप हाललीच."

शहादेव खाटेच्या कडेला बसला, अनिलचा पडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडला. केसची गोष्ट त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालीच नाही. ती पारूबाईनं काढली, जेवणं झाल्यावर, भांडी घासताना कौशल्याबाईपाशी. कौशल्याबाईनं हात धुतले आणि विचारलं, "कोर्टात यायचंय ना? मग येऊ की. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगायला काय भ्यायचं?"

आम्रपालीला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पण लगेच बजावलं, "त्यांना काही शिकवायचं नाही. काय बोलायचं, कसं बोलायचं, एक अक्षर नाही. जे पाहिलं तेवढंच."

केस लांबली. तारखा पडल्या, मग कोरोना आला आणि कोर्टच बंद झालं. आरोपीचा शिक्का घेऊन दिवस काढणं काय असतं ते शहादेवला त्या काळात कळलं. पोलिसांत केस आहे म्हटल्यावर पप्पूसाठी आलेली सोयरीक मोडली, जयंतीच्या कमिटीतून त्याचं नाव गुपचूप वगळलं. तो कुणाला काही बोलला नाही. मात्र गाड्या सुरू झाल्या तसा तो चौसाळ्याला जायला लागला. दर पंधरवड्याला, उघड उघड, पारूबाईला सांगून.

तिथंच एके दिवशी अनिलनं पेटीकडं बोट केलं. कोपऱ्यात कापडाखाली होती. अनिलचा उजवा हात चालायचा, पण भाता ओढायचा डावा हात मेलेला. शहादेवनं पेटी खाटेवर ठेवली, समोर बसला आणि भाता स्वतः धरला. पहिल्यांदा सूर गचके खात निघाला. "हळू… गाढवा," अनिल म्हणाला. ढोलकीचा हात तो, त्याला एकसारखं ओढणं जमेना. तासाभरानं जमलं. चंद्रभागाबाईची चाल होती, वीज गेली त्या दिवशीची. गायला कुणी नव्हतं. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिची तव्यावरची पोळी करपली.

अखेर साक्षी सुरू झाल्या. भागवतनं आपलं सांगितलं. तो खोटं बोलत होता असंही म्हणता येणार नाही, त्याची खात्रीच झाली होती. ज्याचा हातचा ऊस जळतो त्याला कुणीतरी पेटवणारा लागतो. जळाल्या फडाच्या पंचनाम्यावर सही केलेल्या पंचाला आम्रपालीनं विचारलं, आग कुठून लागली? तो म्हणाला, फडाच्या मधून. तिथं फडावरून काय जातं? विजेच्या तारा. तारा कशा होत्या? लोंबकळत्या. वारा होता? होता. ती तिथंच थांबली.

मग म्हाळू. मुंडासं सावरत पिंजऱ्यात उभा राहिला. चार वर्षांत बराच वाकला होता.

"म्हाळूबाबा, तुम्ही त्या दिवशी माणूस पाहिला. त्याचं तोंड पाहिलंत?"

"न्हाई. पाठमोरा हुता. लांब हुता."

"मग शहादेवचं नाव कसं घेतलंत?"

म्हाळूनं शहादेवकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "म्या न्हाई घेतलं. म्या म्हणलं, एक पांढऱ्या टोपीवाला दिसला. भागवत शेजारी हुता, तो म्हणला, शहादेवच आसंल. त्यांनी लिवलं. मला काय वाचता येतं व्हय? अंगठा म्हणले, दिला."

शहादेवची पाळी आली तेव्हा त्यानं न्यायाधीशबाईंना सरळ सांगितलं, "घरी खोटं बोललो, तेच पोलिसांपुढं बोललो. डोळं दाखवायला न्हाई, मी चौसाळ्याला गेलतो. भांडणातल्या दोस्ताला बघायला. आत जायची हिंमत झाली न्हाई."

कौशल्याबाईनं पौर्णिमा, विहार, खीर, सगळं जसं घरी सांगितलं तसंच सांगितलं. मग अनिल. पप्पूनं आणि एका शिपायानं त्याला धरून आणलं. न्यायाधीशबाईंनी खुर्ची द्यायला लावली आणि म्हणाल्या, "सावकाश बोला, आम्हाला घाई नाही." सरकारी वकिलांनी उलटतपासात आवाज चढवला, "तुम्ही याचे जुने मित्र. मित्राला वाचवायला खोटं सांगताय."

अनिल थोडा वेळ ओठ जुळवत राहिला. 

"दोस्त… असता," तो म्हणाला, "तर… आत… आला असता. रस्त्यावर… बसून… गेला नसता."

सरकारी वकील खाली बसले. आणि शहादेवनं मान अशी खाली घातली की निर्दोष सुटायच्या आधीच त्याला जी शिक्षा व्हायची ती झाली, असं आम्रपाली नंतर पप्पूला म्हणाली.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. निर्दोष मुक्तता. भागवत कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभा होता. जाताना एवढंच म्हणाला, "माझा ऊस तर जळाला ना, शहादेव." शहादेव म्हणाला, "जळाला. मला बी वाईट वाटलं, भागवत." याहून जास्त दोघांत आजतागायत बोलणं झालेलं नाही. पण वाटेवरून बैलगाडी जाताना आता कुणी अडवत नाही.

अनिल त्यानंतर दोन पावसाळे होता. गेला तेव्हा शहादेव उशाशी होता.

आता शहादेव सत्तरीला आलाय. वस्तीवर कुणी पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "दादा, तुमच्यावर ती उसाची केस झालती, ती कशी सुटली?" तर शहादेव बाजेवर नीट मांडी घालून बसतो आणि सुरुवात करतो ती एसटीतल्या अर्ध्या तिकिटापासून. मग ट्रॉली, मग माजलगावकडचं ते गाव, चंद्रभागाबाईचा खोचलेला पदर. पाहुणा अधूनमधून म्हणतो, "आन् केस?" "सांगतो की," शहादेव म्हणतो, आणि पुन्हा अनिलच्या कुरळ्या केसांवर येतो. पारूबाई आतून ऐकत असते. पाहुण्याची गाडी चुकणार हे तिला माहीत असतं, म्हणून ती आधीच दोन भाकरी जास्तीच्या टाकते.